पातेलंभर पंच : माडाची फेणी आणि 31 डिसेंबर

आगरवाट | 12 डिसेंबर, रात्री 9:50

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहिते आहे. यंदा 31 तारखेला पुण्याहून मोठे दीर-जाऊबाई, त्यांची मुलं-सुना आणि फोंड्याची नणंद असे सगळे मिळून बारा जण आमच्याकडे जमणार आहोत. दरवर्षी जो तो आपली बाटली घेऊन येतो, त्यात लिम्का नाहीतर सोडा ओततो आणि आपला कोपरा धरतो. दहा वाजेपर्यंत बर्फ संपलेला असतो. यंदा मला एकच मोठं पातेलं मधोमध ठेवायचं आहे, सगळ्यांनी डावाने त्यातूनच घ्यावं असं. पंच करायचा, म्हणजे दारूत लिंबू, साखर, पाणी मिसळलेलं पेय, आणि तोही फेणीचा, एवढं पक्कं आहे.

फेणीच का, ते सांगते. आमच्या वाड्यावर काजूची भट्टी आहे. एप्रिलमध्ये सकाळी तिकडून गेलं की बोंडांचा वास अंगाला चिकटून घरी येतो. झाडावरचं बोंड तोडत नाहीत, गळून पडलेलंच घेतात, कारण पुरतं पिकलं की ते आपणहून पडतं. बिया काढून बोंडं तुडवतात (हल्ली बरेच जण यंत्रावर चिरडतात). उरलेल्या चोथ्याचा ढीग रानवेलीने बांधून वर दगड ठेवला की थेंब थेंब गळतो तो निरो. तो ताजाच प्यायचा, गोड आणि जिभेला किंचित ओढणारा. तुडवलेला रस तीनेक दिवस आंबला की भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, चढतो. पहिल्यांदा उतरतो तो उराक, पंधरा टक्क्यांच्या आसपासचा. उराकात पुन्हा आंबलेला रस घालून परत गाळलं की फेणी. बाटलीवर बहुधा 42.8 टक्के छापलेलं असतं. भट्टीवाले काका बाटली हलवून उजेडात धरतात आणि वर आलेले फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघतात. 'फेण' वरूनच फेणी हे नाव.

2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेय म्हणून मान दिला. आणि आमच्याच घरात पाहुणे आले की व्हिस्की निघते, फेणी मात्र सर्दीच्या औषधाला. मला हे मनापासून खुपतं.

पंचासाठी काजूची नको, माडाची घेईन म्हणते. ती सुरेपासून (माडाच्या ताडीपासून) होते, वासाला मऊ असते. आमच्या बाजूला मिळत नाही, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतून आणवली आहे. प्रश्न दोन आहेत. पातेलंभर करायचं तर प्रमाण काय धरावं? आणि सासूबाई घेत नाहीत, पुतण्या गाडी चालवणार आहे, त्या दोघांच्या हातात थंड पेयाची बाटली न देता काय द्यावं?

रानभैरी | 12 डिसेंबर, रात्री 10:35

कल्पना छान आहे, पण फेणीबद्दल माझं मत फार वाईट आहे. कॉलेजात असताना किनाऱ्यावरच्या एका बारमध्ये घेतली होती. प्लास्टिकच्या कॅनमधून ओतली होती आणि दोन दिवस तो वास नाकातून गेला नाही. पुण्याहून येणाऱ्यांपैकी निम्मे माझ्यासारखेच असतील. त्यापेक्षा जिन घ्या ना. आता आपल्याकडच्या उत्तम आहेत. 2017 मध्ये ग्रेटर दॅन आली, पुढच्या वर्षी गोव्यातलीच स्ट्रेंजर अँड सन्स. पाहुणे खूश राहतील.

आगरवाट | 12 डिसेंबर, रात्री 11:05

@रानभैरी, तुम्हाला जी मिळाली ती फेणी नव्हे, प्लास्टिकमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलेलं काहीतरी होतं. फेणी काचेत ठेवायची असते. आमच्याकडे त्यासाठी गर्राफांव असतात, वेताने विणलेले मोठे काचेचे बुधले. काचेतली चांगली काजूची फेणी उग्र असते हे खरं, पण तो उग्रपणा पिकलेल्या फळाचा असतो. फणस कापल्यावर घरभर वास सुटतो, म्हणून आपण फणस टाकून देतो का?

जिनला माझा विरोध नाही. पण जिन म्हणजे बिनवासाच्या अल्कोहोलमध्ये जुनिपरची फळं आणि मसाले घालून उतरवलेली चव, त्यामुळे ती कशातही मिसळते. फेणीची चव फळातून नाहीतर सुरेतून येते. तिला लपवायला गेलं की पेय बिघडतं. तिच्या जोडीला काय शोभेल ते शोधावं लागतं, आणि मला तेच करून बघायचं आहे.

अडकित्ता | 13 डिसेंबर, सकाळी 7:20

ताई, तुम्ही नकळत पंचाला त्याच्या माहेरी नेत आहात.

'पंच' हा शब्द आपल्या 'पाच' वरूनच गेला असं मानतात. दारू, आंबट, साखर, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे खलाशी आणि वखारवाले सुरत-मच्छलीपट्टणला हे प्यायला शिकले. बरोबर आणलेली बिअर नि वाइन इथल्या उन्हाळ्यात टिकत नव्हती, मग इथल्या अर्काला (गाळलेल्या दारूला) लिंबू-साखर लावून ते पिऊ लागले. पुढे इंग्लंडात पंच लोकप्रिय झाला तेव्हा गोव्याचा अर्क नावाजलेला होता, आणि तो माडाच्या सुरेचा असे. म्हणजे आज त्याच्या सर्वांत जवळचं जिवंत नातं कशाशी असेल तर तुम्ही सासष्टीतून आणवलेल्या बाटलीशी.

प्रमाणासाठी कॅरिबियन बेटांवरची एक जुनी म्हण धरून चाला : एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. 'दोन गोड' आपल्याला झेपत नाही, निम्म्यावर आणा. आणि वरून जायफळ किसायचं ते अगदी वाढताना. तेव्हाही तसंच करत. श्रीखंडासाठी आणलेलं जायफळ घरात असेलच.

खाडीपलीकडे | 13 डिसेंबर, दुपारी 1:15

आमच्या मुंबईजवळच्या उत्तन-गोराईकडे नाताळला खिमाड होतं. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांतलं हे गरम पेय, लग्नातही असतं. पाण्यात गवती चहा, दालचिनी, लवंग, वेलची आणि साखर घालून उकळायचं, आणि दारू शेवटी. डिसेंबरात चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सावरून (प्रार्थनेवरून) आलं की कपातून वाफ येत असते. मला त्या वासानेच नाताळ आल्यासारखं वाटतं.

एक सांगायलाच हवं. दारू नेहमी गॅस बंद करून, भांडं ओट्यावरून बाजूला घेऊन घालायची. मी नऊ-दहा वर्षांची असताना माझ्या मावशीने पेटत्या शेगडीवरच बाटली ओतली. वाफेने भडका घेतला आणि तिच्या भुवया नि पुढचे केस जळाले. थोडक्यात वाचली. तेव्हापासून आमच्याकडे खिमाडाचं भांडं आधी अंगणात नेतात, मग बाटली उघडतात.

तुमच्या पंचात साध्या पाण्याऐवजी गवती चहाचं गार पाणी घालून बघा. माडाच्या फेणीला चांगलं लागेल.

मोहवाट | 13 डिसेंबर, रात्री 8:40

धागा वाचते आहे. लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार करणार होते, आजच लिहिते.

मी गडचिरोलीची. आमच्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, त्यातही बायांनी, मागून घेतलेली आहे. माझी आजी त्या मोर्च्यांमध्ये होती. म्हणून दारूचे असे धागे मी सहसा उघडत नाही. हा उघडला, कारण ताईंनी पहिल्याच लेखात न पिणाऱ्यांचा प्रश्न विचारला.

मोहाबद्दल बाहेर फक्त दारूच माहीत असते. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्री गळतात, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघावं लागतं. ओली फुलं जाड, पाणीदार, गोड. सुकली की मनुक्यासारखी होतात. भाकरीत घालतात, भाजून खातात, उकळून आटवून पाक करतात. इंग्रजांनी 1892 साली मुंबई इलाख्यात या फुलांच्या साठवणुकीवरच कायदा केला, चोरटी दारू थांबवायला म्हणून. लोक फुलं खातातही, हे त्या कायद्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

सुकी मोहफुलं मिळाली तर दोन मुठी धुवून अर्धा लिटर पाण्यात मऊ होईपर्यंत उकळा, गाळा, निम्मं होईस्तोवर आटवा. त्यात लिंबू, आलं आणि गार पाणी. सासूबाईंना द्या.

आगरवाट | 13 डिसेंबर, रात्री 9:30

@मोहवाट, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या आजींना माझा नमस्कार. मोहफुलं इथे मिळतील असं वाटत नाही, पण एक धडा घेतला : न पिणाऱ्यांचं पेय आधी ठरवायचं आणि तेही पातेल्यातच, शेजारी, त्याच आकाराच्या भांड्यात ठेवायचं.

तोलकाटा | 14 डिसेंबर, सकाळी 11:00

प्रमाण-बर्फाबद्दल मी बोलतो, गेली सहा-सात वर्षं घरी यातच रमलो आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज बर्फाबद्दल. पेय पाणचट होऊ नये म्हणून लोक दोनच खडे टाकतात. होतं उलटंच. थोडा बर्फ लवकर गरम पडतो, सगळा वितळतो आणि पेय कोमटही होतं. ग्लास काठोकाठ भरला तर बर्फच बर्फाला गार ठेवतो. पातेल्यासाठी तर खडे नकोतच. लिटरभराच्या स्टीलच्या डब्यात आदल्या दिवशी पाणी गोठवा आणि तो एकच ठोकळा पातेल्यात सोडा, रात्रभर पुरेल.

लिंबू आयत्या वेळी पिळा. सकाळी पिळून ठेवलेला रस रात्री कडवट आणि मरगळलेला लागतो.

साल. लिंबू-संत्र्याची जान सालीतल्या तेलात असते, रसात नाही. साल साखरेत चुरून झाकून ठेवली की साखर ते तेल ओढून घेते, सकाळी तळाशी ओलसर पाक सुटलेला दिसतो. सध्या नागपुरी संत्री आहेत. त्यांची साल सैल असते म्हणून फळ न सोलता आधी बटाट्याच्या सोलण्याने वरचा नारिंगी पापुद्राच काढा. पांढरा भाग आला की कडू झालं समजा.

कुणाला एकट्यापुरतं काही हवं असेल तर : जिन 45 मिली, कोकम सरबताचा पाक 20, लिंबू 15. झाकणाच्या बरणीत बर्फ घालून बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा, गाळा, वर सोडा. इथे पाकच घ्यायचा, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) नाही. आगळात मीठ असतं. मी एकदा लेबल न वाचता आगळ घातलं, शिवाय ग्लासच्या कडेला मीठही लावलं होतं. आठही ग्लास मोरीत ओतावे लागले, आणि ती जिन मित्राने खास जपून ठेवलेली होती. अजून वाईट वाटतं.

हडसनकाठ | 14 डिसेंबर, रात्री 11:45

न्यू जर्सीहून. इकडे माडाची फेणी मिळत नाही. सगळ्यात जवळची चव श्रीलंकेच्या नारळी अर्काची. तोही सुरेचाच, फक्त लाकडी पिंपात मुरवलेला, म्हणून रंग येतो आणि थोडी व्हॅनिलासारखी गोडी. इकडच्या मराठी मंडळींना तोच सुचवेन. मी मागच्या दिवाळीत त्यात चिंचेचा कोळ आणि गूळ घालून केला, चांगला झाला.

पहिलासर | 15 डिसेंबर, सकाळी 9:10

उराक मिळेल का 31 ला? मित्र सांगतात लिम्का, लिंबाची फोड, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घातली की त्यासारखं काही नाही. आणि येताना पुण्याला माडाच्या फेणीच्या दोन-चार बाटल्या आणल्या तर?

मांडवीतीर | 15 डिसेंबर, दुपारी 12:30

मित्र खरं सांगतात, पण उराक उन्हाळ्याचा पाहुणा आहे. काजूच्या हंगामात येतो, पावसाआधी जातो. अल्कोहोल कमी असल्याने टिकतही नाही. डिसेंबरात कुणी उराक म्हणून बाटली पुढे केली तर घेऊ नका.

बाटल्या नेण्याचं म्हणाल तर गोव्यात विक्रीसाठी बनलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे. सीमेजवळ बांदा-इन्सुलीला गाड्या तपासतात. महाराष्ट्रात कडक दारूला वयाची अट 25 आहे आणि प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा 5 रुपयांत मिळतो, हेही अनेकांना माहीत नसतं. इथे या, इथेच प्या, रात्री इथेच झोपा.

आणि घरी गाळण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडा. 'पेटवली की निळी ज्योत आली म्हणजे शुद्ध' ही समजूत खोटी आहे, त्यातून मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल ओळखू येत नाही. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली.

आगरवाट | 23 डिसेंबर, रात्री 10:20

तीन वेळा छोट्या पातेल्यात करून पाहिला. नवरा आणि मी दोघांनीच, अर्धा-अर्धा कप.

पहिल्यांदा गुळाचा पाक घातला. चव वाईट नव्हती, पण गूळ वरचढ झाला आणि फेणी कुठे गेली कळेना. मुरवलेल्या अर्काला गूळ सोसत असेल (@हडसनकाठ), पांढऱ्या फेणीला साखरच बरी. दुसऱ्यांदा सालीबरोबर पांढरा भाग गेला, कडू. तिसऱ्यांदा जमला. त्याचं मोठं माप असं :

सहा संत्री आणि चार लिंबांचा वरचा पापुद्रा, 250 ग्रॅम साखरेत चुरून रात्रभर झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी 250 मिली ताजा लिंबूरस (पंधराएक कागदी लिंबं) घालून साखर विरघळवायची, गाळायचं. माडाची फेणी एक बाटली, 750 मिली. मूठभर गवती चहा उकळून गार केलेलं पाणी एक लिटर. बर्फाचा ठोकळा. वर जायफळ. @अडकित्ता, हिशेब केला तर तुमचीच म्हण निघते : एक, एक, तीन, चार.

120 मिलीचे साधारण अठरा कप होतात, म्हणजे प्रत्येक कपात 40 मिलीच्या वर फेणी. गार, गोड असल्यामुळे हे जिभेला कळत नाही. म्हणून दोन कपांवर थांबायचं हे मी आधीच सांगून ठेवणार आहे आणि दुसरी बाटली कपाटातच राहील.

न पिणाऱ्यांसाठी तीच संत्र्याच्या सालीची साखर, लिंबू, गवती चहा, आणि फेणीच्या जागी कोकमाचा पाक आणि आल्याचा रस. खरं सांगू? रंगाने तेच पातेलं जास्त देखणं दिसतं.

रानभैरी | 24 डिसेंबर, सकाळी 8:00

मी लागतो कामाला. फेणी घालणार नाही, जिनच घालणार, पण सालीची साखर आजच करून ठेवतो.

आगरवाट | 1 जानेवारी, संध्याकाळी 5:40

झालं सगळं नीट. नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

आठ वाजता दोन्ही पातेली तुळशीपुढच्या ओसरीवर ठेवली. ठोकळ्यात संत्र्याच्या चकत्या गोठवल्या होत्या, दिव्याच्या उजेडात त्या आतून दिसत होत्या. दिरांनी गाडीतून व्हिस्की काढून आणली होती, ती टेबलावर तशीच राहिली. त्यांनी पहिला घोट घेतला, कपात पाहिलं, म्हणाले, "यात फेणी आहे? मग इतकी वर्षं आम्हाला लिम्कात का दिली?" जाऊबाईंना वास थोडा जाणवला, त्यांनी कोकमाचं घेतलं, आणि पुतण्याने तर कोकमाचे पाच कप घेतले. मुख्य म्हणजे कुणी कोपऱ्यात गेलं नाही. डाव एकच होता, त्यामुळे ज्याला हवं त्याला पातेल्याशी यावं लागे, आणि आलेला माणूस तिथेच बोलत उभा राही. साडेअकराला पातेलं रिकामं झालं, ठोकळा मुठीएवढा शिल्लक होता.

एक चुकलं. जायफळ मी आधीच पातेल्यात किसलं, ते तासाभरात तळाशी बसलं. @अडकित्ता, वाढताना म्हणजे कपावरच, हे आता कळलं.

दहाच्या सुमारास भट्टीवाले काका डोकावले. ते काजूचे, माडाच्या फेणीला फारसं मानत नाहीत. उभ्या-उभ्याच एक कप घेतला, सावकाश संपवला, दुसरा नको म्हणाले. पायरी उतरताना मागे वळून विचारलं, "ह्यात निरो घातला तर?" मी म्हटलं, एप्रिलमध्ये एक तांब्याभर बाजूला काढून ठेवा.

गाळलेल्या साली फेकल्या नाहीत. सकाळीच ताटात पसरून गच्चीवर उन्हात टाकल्या आहेत. आता उचलून आणते, दव पडायच्या आत.